१०९९-आर वर न दिसणारे ३,००० डॉलर: निवृत्त पोलीस, अग्निशमन जवान आणि अॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांनी आरोग्यविम्याची करसवलत कशी घ्यायची

अमेरिकेत पोलीस, अग्निशमन, तुरुंग किंवा अॅम्ब्युलन्सच्या सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या माणसाला आरोग्यविम्याच्या प्रीमियमपोटी वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतची पेन्शन करातून वगळता येते. २००७ सालापासून ही सोय आहे, तरी ती सर्रास हातची जाते. कारण साधं आहे: ती कुठल्याही कागदावर छापून येत नाही. पेन्शन फंड जानेवारीत वर्षभराच्या पेन्शनचा १०९९-आर हा जो फॉर्म पाठवतो, त्यावर करपात्र रक्कम पूर्णच असते. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय कर खातं, स्वतःहून काही वजा करत नाही. रिटर्न भरणाऱ्याला तुम्ही पूर्वी काय काम करत होता हे माहीत नसेल, तर तोही तो आकडा जसाच्या तसा उतरवून मोकळा होतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत या नोकऱ्या फार नाहीत, पण आहेत. जावई शेरीफच्या खात्यात, सून पॅरामेडिक, व्याही निवृत्त फायर कॅप्टन, अशी घरंही आहेत. शिवाय ओळखीपाळखीतल्या ज्येष्ठांचे रिटर्न हौसेने भरून देणारी मंडळी सगळीकडे असतात. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे.

आधी गेल्या वर्षीचा रिटर्न काढा

नियम वाचत बसण्याआधी दोन कागद शेजारी ठेवा: गेल्या वर्षीचा फॉर्म १०४० (म्हणजे भरलेला आयकर रिटर्न) आणि त्याच वर्षीचा १०९९-आर. फॉर्म १०४० वरच्या ५बी या ओळीत पेन्शनची करपात्र रक्कम असते. ती १०९९-आर च्या रकाना २ए मधल्या रकमेइतकीच असेल आणि ओळीच्या आसपास 'पीएसओ' ही तीन अक्षरं लिहिलेली किंवा त्यांच्या चौकटीत खूण केलेली नसेल, तर सवलत घेतलेली नाही. पीएसओ म्हणजे पब्लिक सेफ्टी ऑफिसर. एकापेक्षा जास्त पेन्शन असतील तर सगळ्या २ए ची बेरीज करून ताडून पाहा.

आता तुम्ही पात्र आहात का, हे बघू.

पीएसओ कोण, आणि कोण नाही

इथे दोन अटी आहेत. पहिली कामाची. कायद्याने १९६८ च्या गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातली व्याख्या उचलली आहे. तिच्यात कायदा अंमलबजावणी अधिकारी, अग्निशमन कर्मचारी, या खात्यांचे चॅप्लेन (धर्मगुरू) आणि बचाव पथकातले किंवा अॅम्ब्युलन्सवरचे कर्मचारी येतात. यातली पहिली जात बरीच मोठी आहे. गणवेशातला पोलीस तर आहेच, पण तुरुंगातला करेक्शन्स ऑफिसर, प्रोबेशन ऑफिसर, पॅरोल ऑफिसर आणि न्यायालयीन अधिकारीही तिच्यात धरले आहेत. आयुष्यात कधी पिस्तूल न लावलेला प्रोबेशन ऑफिसर स्वतःला या यादीत मोजतच नाही, आणि पैसे सोडून देतो.

नोकरी सरकारी असूनही या यादीत नसलेले लोक तितकेच आहेत. शाळेतली शिक्षिका, महामार्ग खात्यातला इंजिनियर, शहराच्या पाणीपुरवठ्यातला लेखापाल यांना ही सवलत नाही. पोलीस खात्याच्या कार्यालयात कारकुनी केली म्हणून कुणी पोलीस अधिकारी ठरत नाही. उलट बाजूने, काम अॅम्ब्युलन्सवरचंच पण नोकरी खाजगी कंपनीची असेल, तरीही उपयोग नाही, कारण पेन्शन सरकारी योजनेतूनच यावी लागते.

दुसरी अट निवृत्तीच्या कारणाची. तुम्ही नोकरी सोडली ती एक तर अपंगत्वामुळे, नाही तर योजनेने ठरवलेलं 'नॉर्मल रिटायरमेंट एज' गाठल्यामुळे, अशी हवी. दहा-बारा वर्षं पोलिसात काढून कुणी दुसरीकडे गेला आणि पुढे साठीला त्याची जुनी पेन्शन सुरू झाली, तर तो यात बसत नाही.

या अटीवर एक गैरसमज फार आढळतो. पन्नाशीत निवृत्त झालेल्या पोलिसाच्या १०९९-आर वर रकाना ७ मध्ये २ हा कोड असतो. त्याचा अर्थ मुदतीआधी काढलेली, पण दंडातून सूट असलेली रक्कम असा आहे. 'मुदतीआधी' हे वाचून लोक घाबरतात आणि सवलत आपल्याला लागू नाही असं धरून चालतात. तो कोड साडेएकोणसाठ वर्षांच्या सर्वसाधारण वयाशी जोडलेला आहे. नॉर्मल रिटायरमेंट एज मात्र तुमच्या योजनेचं असतं, आणि पोलीस-अग्निशमन योजनांमध्ये ते बरंच आधी येतं. त्यामुळे कोडवरून निष्कर्ष काढू नका. निवृत्तीच्या वेळी फंडाने दिलेलं पत्र काढा आणि त्यात 'सर्व्हिस रिटायरमेंट' आहे, 'डिसॅबिलिटी' आहे की 'डिफर्ड' (पुढे ढकललेली) आहे ते पाहा. पत्र हरवलं असेल तर फंडाकडून लेखी मागवा.

भारतातून मुलांकडे राहायला आलेल्या ज्येष्ठांबद्दलही दोन वाक्यं. महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त होऊन ग्रीन कार्डावर इथे राहणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही, कारण पेन्शन अमेरिकी करकायद्यातल्या पात्र सरकारी योजनेतून यावी लागते. भारतातलं कलम ८०डी आणि हे प्रकरण यांचा परस्पर काही संबंध नाही.

पैसा कुठून यावा लागतो

ज्या सरकारी मालकाच्या सेवेतून तुम्ही निवृत्त झालात, त्याच्याच योजनेतून पैसा यायला हवा. ठरलेली मासिक पेन्शन, म्हणजे ४०१-ए प्रकारची योजना, चालते. सरकारी ४०३-बी आणि ४५७-बी या बचत योजनासुद्धा चालतात. कॅलिफोर्नियात कॅलपर्स, न्यू जर्सीत पोलीस आणि अग्निशमन सेवेची पीएफआरएस, केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी एफईआरएस किंवा जुनी सीएसआरएस ही त्यातली ओळखीची नावं.

आयआरए, म्हणजे स्वतःच्या नावाचं वैयक्तिक निवृत्ती खातं, मात्र चालत नाही. हा तपशील निवृत्तीच्या वेळीच लक्षात घ्यायचा आहे. ४५७-बी मधली सगळी रक्कम आयआरए मध्ये वळवायचा सल्ला गुंतवणूक सल्लागार सर्रास देतात. ज्याची मासिक पेन्शन भरभक्कम आहे त्याला त्याने या बाबतीत फरक पडत नाही, कारण तीन हजार त्या पेन्शनमधून वगळता येतात. पण ज्याची पेन्शन तुटपुंजी आहे किंवा सगळी भिस्त ४५७-बी वरच आहे, त्याने तिथे थोडी रक्कम मागे ठेवावी हे माझं मत.

कोणता प्रीमियम धरायचा

तुमचा स्वतःचा, जोडीदाराचा आणि करदृष्ट्या तुमच्यावर अवलंबून असलेल्यांचा आरोग्य किंवा अपघात विम्याचा प्रीमियम, तसंच पात्र दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचा प्रीमियम धरता येतो. विमा जुन्या मालकाच्या गटातलाच असला पाहिजे असं बंधन नाही. मालक स्वतःच खर्च उचलतो अशी, विमा कंपनीविना चालणारी आरोग्य योजनाही चालते. सुरुवातीला याबद्दल अडचण होती, ती २००८ च्या दुरुस्तीने गेली.

डॉक्टरांचं बिल, को-पे, औषधं यांतलं काही चालत नाही. सवलत फक्त प्रीमियमची आहे. आयुर्विम्याचा हप्ता तर नाहीच. आणि खिशातून खरोखर गेलेली रक्कमच धरा. जोडीदाराच्या नोकरीत कर कापण्याआधीच्या पगारातून जाणारा प्रीमियम किंवा ज्याचे पैसे दुसऱ्या करमुक्त खात्यातून परत मिळाले आहेत तो प्रीमियम यात ओढू नका.

मर्यादा ३,००० डॉलर किंवा प्रत्यक्ष प्रीमियम, यांत जे कमी ते. २००६ साली हा आकडा ठरला आणि महागाईशी तो जोडलाच नाही, त्यामुळे आजही तो तिथेच आहे. एका माणसाला दोन फंडांतून पेन्शन येत असली तरी वर्षाची मर्यादा एकच. नवरा-बायको दोघंही निवृत्त पीएसओ असतील तर मात्र प्रत्येकी ३,०००, म्हणजे एकत्र रिटर्नवर ६,०००.

निवृत्त अधिकारी वारला की सवलत त्याच्यासोबत संपते. मागे राहिलेल्या जोडीदाराला मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनवर ती घेता येत नाही, प्रीमियम तोच आणि फंड तोच असला तरीही. मला हा नियम कठोर वाटतो, पण तो तसाच आहे. मृत्यूच्या वर्षी, मृत्यूआधी त्या अधिकाऱ्याला मिळालेल्या पेन्शनपुरती ती घेता येते. ते विसरू नका.

प्रीमियम फंडाने भरला की तुम्ही

जुनी माहितीपत्रकं वाचणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. मूळ नियम २००६ च्या पेन्शन प्रोटेक्शन अॅक्टमधला. त्यात अट होती की फंडाने प्रीमियम पेन्शनमधून कापून थेट विमा योजनेला पाठवला पाहिजे. पैसे आधी तुमच्या खात्यात आले आणि मग तुम्ही चेक लिहिला, तर सवलत गेली. अनेक छोटे फंड अशी कपात करतच नव्हते, त्यामुळे त्यांचे पेन्शनर कोरडेच राहिले.

२९ डिसेंबर २०२२ रोजी सिक्युअर २.० कायद्यावर सही झाली आणि ही अट निघाली. त्या तारखेनंतर मिळालेल्या पेन्शनसाठी प्रीमियम फंडाने थेट भरलेला असो किंवा तुम्ही स्वतः भरलेला असो, दोन्ही चालतं. 'आमचा फंड कापत नाही, म्हणून आम्हाला नाही' हे उत्तर आता जुनं झालं.

स्वतः प्रीमियम भरत असाल तर कायद्याची अपेक्षा आहे की वगळलेली रक्कम त्या वर्षी भरलेल्या प्रीमियमपेक्षा जास्त नाही, असं निवेदन रिटर्नसोबत द्यावं. त्यासाठी एका कागदावर विमा योजनेचं नाव, वर्षभरात भरलेली रक्कम आणि वगळलेली रक्कम लिहिली, खाली सही आणि तारीख टाकली की झालं. विमा कंपनीकडून वर्षअखेरीचं भरण्याचं पत्रक मागवून त्याच फाइलीत ठेवा.

फॉर्मवर कसं भरायचं

आकडेच घेऊ. समजा, एका निवृत्त सार्जंटच्या १०९९-आर वर रकाना १ मध्ये ५४,००० आहेत आणि २ए मध्येही ५४,०००. वर्षभरात पेन्शनमधून ६,८०० डॉलर प्रीमियम कापला गेला. फॉर्म १०४० च्या ५ए मध्ये ५४,००० लिहायचे आणि ५बी मध्ये ५१,०००. प्रीमियम २,१४० च असता, तर ५बी मध्ये ५१,८६० आले असते.

५बी च्या शेजारी 'पीएसओ' असं इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत होती. २०२५ च्या फॉर्मवर यासाठी ५सी मध्ये टिकमार्कची वेगळी चौकट आली आहे. ही खूण करायची राहून गेली तर १०९९-आर आणि रिटर्न यांतला तीन हजारांचा फरक आयआरएसच्या संगणकाला कारणाविना दिसतो आणि विचारणा करणारं पत्र येऊ शकतं.

नोकरीत असताना कर भरून झालेल्या पगारातून फंडात वर्गणी गेली असेल, तर पेन्शनचा थोडा भाग तसाही करमुक्त असतो. त्यामुळे २ए हा आकडा रकाना १ पेक्षा लहान दिसतो. दोन्ही वजावटी एकत्र चालतात: आधी वर्गणीचा भाग, मग राहिलेल्या करपात्र रकमेतून तीन हजार. वरच्याच माणसाच्या २ए मध्ये ५२,२०० असते, तर ५बी मध्ये ४९,२०० आले असते. काही फंड २ए रिकामा ठेवून 'करपात्र रक्कम ठरवलेली नाही' या चौकटीत खूण करतात. तेव्हा सिम्प्लिफाइड मेथडच्या तक्त्याने तो भाग आधी काढावा लागतो. तो तक्ता आयआरएसच्या पब्लिकेशन ५७५ मध्ये आहे, आणि केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी पब्लिकेशन ७२१ मध्ये.

सॉफ्टवेअरवर रिटर्न भरत असाल तर ५बी चा आकडा हाताने बदलू नका, आणि १०९९-आर चे रकानेही आले तसेच उतरवा. रकाने भरून झाल्यावर पुढे जे प्रश्न येतात, त्यांत 'निवृत्त पब्लिक सेफ्टी ऑफिसर आहात का' हा एक असतो. तिथे होकार देऊन प्रीमियमची रक्कम टाकली की वजाबाकी आणि खूण दोन्ही आपोआप होतात. बहुतेक लोक ही प्रश्नावली घाईत पुढे ढकलतात. दुसऱ्याकडून रिटर्न भरून घेत असाल, मग तो पगारी असो की मोफत रिटर्न भरून देणाऱ्या व्हिटा केंद्रातला स्वयंसेवक, बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोला: 'मी निवृत्त पीएसओ आहे, हा माझा प्रीमियम.'

अपंगत्वामुळे निवृत्त झालेल्यांसाठी

अपंगत्वाची पेन्शन योजनेच्या किमान निवृत्तिवयापर्यंत पगारासारखी धरली जाते आणि ५बी ऐवजी १एच या ओळीत जाते. सवलत तरीही मिळते. १एच मध्ये वजा केलेली रक्कम टाकायची आणि शेजारच्या ठिपक्यांच्या ओळीवर 'पीएसओ' आणि वगळलेला आकडा लिहायचा.

कर्तव्यावर झालेल्या दुखापतीची पेन्शन पूर्णच करमुक्त असेल, तर त्यातून वेगळं वगळायला काही उरत नाही. तिथे पूर्वी एक काच होता: निवृत्तिवय उलटल्यावर तीच पेन्शन करपात्र व्हायची. सिक्युअर २.० मधल्या १३९सी या नव्या कलमाने २०२७ च्या करवर्षापासून तिचा दुखापतीशी जोडलेला भाग पुढेही करमुक्त राहील. अशा लोकांनी ही सवलत आणि हे कलम दोन्ही एकत्र बघूनच रिटर्न भरावा.

तीन हजारांचे खरे किती

१२ टक्क्यांच्या टप्प्यात ३६० डॉलर आणि २२ टक्क्यांच्या टप्प्यात ६६० डॉलर, हा सरळ हिशेब. पण ही रक्कम एजीआय (करासाठी धरलेलं समायोजित एकूण उत्पन्न) काढण्याआधीच उत्पन्नातून बाहेर पडते, आणि तिची गंमत तिथे आहे. वैद्यकीय खर्चाच्या नेहमीच्या वजावटीसाठी खर्च एजीआयच्या साडेसात टक्क्यांवर जावा लागतो आणि स्टँडर्ड डिडक्शन सोडावं लागतं, म्हणून ती फारशी कुणाच्या वाट्याला येत नाही. इथे स्टँडर्ड डिडक्शन घेऊनही तीन हजार मिळतात. मात्र वगळलेला प्रीमियम पुन्हा वैद्यकीय खर्चात दाखवायचा नाही.

सोशल सिक्युरिटी (केंद्र सरकारचं निवृत्तिवेतन) मिळणाऱ्यांचा फायदा याहून मोठा. ६३-६४ वर्षांचं एक जोडपं धरा. त्याची पेन्शन ४०,०००, दोघांची मिळून सोशल सिक्युरिटी ३०,०००, दुसरं उत्पन्न नाही. २०२५ च्या नियमांनी सवलत न घेता सोशल सिक्युरिटीतले १५,३५० डॉलर करपात्र होतात, एजीआय ५५,३५० येतो, त्यातून ३१,५०० चं स्टँडर्ड डिडक्शन गेल्यावर कर येतो २,३८५. पेन्शनमधून ३,००० वगळले की सोशल सिक्युरिटीचा करपात्र भागही १२,८०० वर उतरतो. एजीआय ४९,८०० होतो आणि कर १,८३०. हे जोडपं दहा टक्क्यांच्या टप्प्यात आहे, तरी तीन हजारांमागे तीनशे नव्हे, ५५५ डॉलर वाचले.

हा मुद्दा आता जास्त लोकांना लागू होतो. सरकारी पेन्शन घेणाऱ्यांची सोशल सिक्युरिटी कापणारे दोन नियम जानेवारी २०२५ मध्ये सही झालेल्या सोशल सिक्युरिटी फेअरनेस अॅक्टने रद्द केले. त्यामुळे पूर्वी जवळपास काही न मिळणाऱ्या अनेक निवृत्त पोलिसांच्या आणि अग्निशमन जवानांच्या खात्यात आता ती रक्कम येते, आणि तिच्यावरचा करही मागोमाग येतो. मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, असलेल्यांनी आणखी एक पाहावं. उत्पन्न ठरावीक रेषेच्या एक डॉलर जरी वर गेलं, तरी त्यातल्या पार्ट बी चा प्रीमियम वाढतो. २०२५ साठी ती रेषा एकट्याला १,०६,००० आणि जोडप्याला २,१२,००० होती, आणि दोन वर्षांपूर्वीचा रिटर्न पाहून ती लावली होती. रेषेच्या अगदी काठावर असलेल्याला हे तीन हजार अलीकडे आणू शकतात.

राज्याचा कर वेगळा बघावा लागतो. इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनिया अशी निवृत्तीची पेन्शन करातून वगळतातच, तिथे प्रश्न नाही. न्यू जर्सी आपलं उत्पन्न केंद्राच्या एजीआयवरून न काढता स्वतःच्या व्याख्येने काढतं, म्हणून फॉर्म १०४० वरची वजाबाकी तिथे आपोआप उतरेल असं धरू नका.

मागच्या वर्षांचं राहिलं असेल तर

फॉर्म १०४०-एक्स भरून ती दुरुस्ती करता येते. मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं किंवा कर भरल्यापासून दोन वर्षं, यांत जे उशिरा संपेल तोवर परतावा मागता येतो. एप्रिलच्या मुदतीआधी भरलेला रिटर्न मुदतीच्या दिवशीच भरला असं धरतात. प्रत्येक वर्षासाठी वेगळा फॉर्म लागतो. बदलाचं कारण लिहायच्या जागेत एवढंच लिहा: आपण निवृत्त पब्लिक सेफ्टी ऑफिसर आहोत, कलम ४०२-एल प्रमाणे इतका प्रीमियम वगळायचा राहिला होता. सोबत त्या वर्षीच्या प्रीमियमचा पुरावा जोडा. सर्वांत जुनं वर्ष आधी हातात घ्या, कारण त्याची मुदत आधी संपते. २९ डिसेंबर २०२२ पर्यंत मिळालेल्या पेन्शनसाठी मात्र फंडाने थेट भरल्याची जुनी अट अजून लागू आहे.

१०४०-एक्स मध्ये तीन हजारांचा आकडा बदलून थांबू नका. एजीआय खाली आला की सोशल सिक्युरिटीचा करपात्र भाग पुन्हा काढावा लागतो, आणि त्या वर्षी वैद्यकीय खर्चाची वजावट घेतली असेल तर त्यातून हा प्रीमियम काढून टाकावा लागतो. राज्याचा रिटर्न एजीआयवर बेतलेला असेल तर त्याचीही दुरुस्ती भरावी लागते, आणि तिची मुदत त्या राज्याच्या कर खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.